दीड सेकंद कुणाचा? रेसिंग गेममधल्या ट्यूनिंगची समीक्षा

(अहमदपूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



विषय जाहीर झाल्यापासून मला दोन प्रकारचे फोन आले. पहिल्या प्रकारातले म्हणाले, "सर, व्याख्यानमालेत आता व्हिडिओ गेम? उद्या पत्त्यांवर पण ठेवाल." (हशा) दुसऱ्या प्रकारातले वीस-बावीस वर्षांचे. ते म्हणाले, "सर, शेवटी सेटअप सांगणार का?" दोघांनाही आधीच सांगतो. पत्त्यांवर व्याख्यान द्यायला मला आवडेल, आणि सेटअप मी सांगणार नाही. का सांगणार नाही, हाच आजचा विषय आहे.

सुरुवात घरातून करतो. माझा भाचा लातूरला अकरावीला आहे, नीटची तयारी करतो. दिवाळीत चार दिवस माझ्याकडं आला होता. त्याच्याकडं फोर्झा होरायझन आहे. एका रस्त्यावर एकाच गाडीने तो पुन्हा पुन्हा फेरी मारत होता. लॅप म्हणजे फेरी, आणि तिचा टाइम कमी करायचा एवढाच खेळ. दुपारभर घासून त्याचा टाइम जागचा हलेना. संध्याकाळी उठून बघतो तर दीड सेकंद कमी! मी म्हणलं, "वा रे! काय केलंस?" तो म्हणाला, "काही नाही मामा, कोड टाकला." नऊ आकडी कोड. जगात कुणीतरी ती गाडी ट्यून करून ठेवलेली, त्याचा कोड टाकला की तुमच्या गाडीला तीच सेटिंग बसते. मी विचारलं, "पण बदललं काय? स्प्रिंग? हवा? गिअर?" तो म्हणाला, "ते दिसत नाही मामा. पण कोड भारी आहे."

हे "ते दिसत नाही" माझ्या डोक्यातून जाईना. दीड सेकंद कमी झाला हे खरंच. पण तो कुणाचा? पोराचा, गाडीचा, की ज्याने कोड बनवला त्याचा? माझं आजचं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

समीक्षा म्हणजे काय करायचं?

नाटकाची समीक्षा करताना आपण विचारतो, हे नाटक प्रेक्षकाकडून काय करून घेतं? नुसतं हसवतं-रडवतं, की बघायला शिकवतं? गेमलाही हाच प्रश्न लावता येतो. रेसिंग गेममध्ये ट्यूनिंगचा पडदा म्हणजे तीस-चाळीस आकड्यांचं एक पान असतं. टायरची हवा, कॅम्बर, टो, स्प्रिंगचा कडकपणा, शॉकअप, अँटी-रोल बार, गाडीची उंची, गिअर, डिफरन्शियल, ब्रेकचा पुढचा-मागचा वाटा, आणि पंखाने मिळणारा दाब. हे पान गेमने का ठेवलं? खेळणाऱ्याने ते वाचावं अशी त्याची इच्छा आहे का? आणि वाचणाऱ्याला तो काय देतो? मी तपासतोय ते हे.

आधी एक फरक नीट करू. अपग्रेड वेगळं आणि ट्यूनिंग वेगळं. टर्बो बसवला, टायर बदलले, वजन कमी केलं, हे अपग्रेड. त्याला पैसे लागतात, गेममधले का असेनात. ट्यूनिंग म्हणजे आहे तीच गाडी, तेच सामान, फक्त मांडणी बदलायची. त्याला पैसा लागत नाही, समज लागते. म्हणून मला ट्यूनिंग जास्त लोकशाहीचं वाटतं. गरिबाची ती कला आहे.

ट्रॉलीवाल्याला माहीत असलेली गोष्ट

आज इकडं येताना शिरूर ताजबंदच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या. मागची ट्रॉली जास्त भरली की ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं. स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो, कारण पुढच्या चाकांवर भारच नाही. बैलगाडीच्या काळात याला शब्दच होता. गाडी उलाळ झाली म्हणायचे. मागं ओझं जास्त, जू वर उचललं जातंय. पुढं जास्त झालं तर बैलाच्या मानेवर. गाडी भरणारा माणूस चढ-उतार बघून दोन पोती पुढं-मागं सरकवायचा. मंडळी, ते ट्यूनिंगच होतं.

रेसिंग गेममध्ये गाडी वळत नाही, पुढं घसरत जाते, त्याला अंडरस्टिअर म्हणतात. मागचं अंग फेकते, त्याला ओव्हरस्टिअर. बहुतेक सगळं ट्यूनिंग या दोघांमधला तोल साधण्यासाठी चालतं. आणि त्याच्या मुळाशी टायरचा एक स्वभाव आहे. तो समजला की ते चाळीस आकडे निम्मे तरी वाचता येतात.

टायरवर भार वाढला की पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमीच मिळते. समजण्यापुरते आकडे घेऊ. पुढच्या दोन टायरांवर प्रत्येकी ३०० किलो भार आहे आणि पकड भाराच्या १.२० पट आहे. दोघांची मिळून ७२० झाली. आता गाडी वळणात गेली, बाहेरच्या टायरवर ४०० आणि आतल्यावर २०० भार आला. बाहेरच्याची पट कमी होऊन १.१५ झाली, आतल्याची वाढून १.२५. म्हणजे ४६० अधिक २५०, एकूण ७१०. भार आणखी सरकला, ५०० आणि १०० झाला, तर ५५० अधिक १३०, एकूण ६८०. वजन तेवढंच, टायर तेच, तरी चाळीसची पकड गेली. भार जितका एका बाजूला, तितकी त्या जोडीची पकड कमी.

आता अँटी-रोल बार बघा. वळणात एकूण किती भार आतून बाहेर सरकणार हे गाडीचं वजन, तिच्या वजनाची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा वेग यांवर ठरतं. बार ते थांबवू शकत नाही. बार ठरवतो त्यातला पुढच्या जोडीवर किती आणि मागच्या जोडीवर किती. पुढचा बार कडक केला की पुढच्या जोडीत जास्त भार सरकतो, पुढची पकड कमी होते, गाडी पुढं घसरते. म्हणून गाडी वळत नसेल तर पुढचा बार मऊ करा, किंवा मागचा कडक करा. हे वाक्य हजारो पोरांना पाठ आहे. "का" विचारलं तर त्यातली फार थोडी सांगतील. ज्याला "का" माहीत आहे त्याला वाक्य पाठ करायची गरजच पडत नाही.

"टॉप किती मारते?"

आपल्याकडं गाडीबद्दल पहिला प्रश्न काय असतो? "टॉप किती मारते?" पोरंही गेममध्ये तेच करतात. गिअर लांब करतात, पंख झोपवतात, सरळ रस्त्यावर आकडा बघतात आणि खूश होतात. फेरीचा टाइम मात्र वाढलेला असतो. असं का, ते हिशोबाने बघू.

दोनशे मीटरचा सरळ तुकडा तुम्ही २७० च्या वेगाने पार करता. वेग एक किलोमीटरने वाढवला तर किती वेळ वाचतो? सेकंदाचा शंभरावा भाग. आता दोनशे मीटरचंच पण संथ वळण घ्या, वेग ८०. तिथं एकच किलोमीटर वाढवा. सेकंदाचा साधारण नववा भाग वाचतो. म्हणजे अकरा पट फायदा. वेळ हरवतो तो संथ जागी, आणि मिळवायचा तोही तिथंच. शिवाय वळणातून जास्त वेगाने निघालात तर तो वेग पुढच्या सरळ रस्त्यावर व्याजासारखा सोबत येतो.

पंखाचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून २०० वर गेलात तर दाब चौपट. पण हवेचा अडथळाही चौपट, आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. म्हणून पंख किती ठेवायचा याचं एक उत्तर नसतं, ते रस्त्यावर अवलंबून असतं. ट्यूनिंगचं पान रस्त्यापासून तोडून वाचता येत नाही. सगळ्या रस्त्यांना चालणारी सेटिंग जो विकतो, तो सगळ्या रोगांवर एकच गोळी विकतोय.

तीन गेम, तीन स्वभाव

आता समीक्षेकडं येतो. तीन गेम घेतो.

पहिला ग्रान टुरिस्मो. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला, काझुनोरी यामाउची यांच्या नेतृत्वाखाली. तोवरचे बहुतेक रेसिंग गेम जत्रेतल्या पाळण्यासारखे होते. बसा, फिरा, उतरा. याने खेळणाऱ्याकडं जुनी साधी गाडी दिली, लायसन्सची परीक्षा घेतली आणि सेटिंगचं पान समोर ठेवलं. घराघरातल्या पोरांना कॅम्बर हा शब्द या गेमने दिला. हे त्याचं मोठं काम आहे, आणि ते मान्य करूनच पुढचं बोलतो.

कारण या मालिकेने शब्द दिला, पण त्या शब्दाशी ती नेहमी प्रामाणिक राहिली नाही. ग्रान टुरिस्मो ६ आला तेव्हा खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की कॅम्बर दिला की गाडीची पकड कमीच होते. खऱ्या गाडीत वळणात गाडी झुकते, टायर बाहेरच्या कडेवर जातो, म्हणून चाक आधीच थोडं आत झुकवून ठेवतात. गेममध्ये मात्र शून्य कॅम्बर सगळ्यांत वेगवान निघाला. नंतर अपडेटने ते दुरुस्त केलं. पण मधल्या काळात ज्याने पुस्तक वाचून कॅम्बर लावला तो हरला, आणि ज्याने पुस्तक फेकून दिलं तो जिंकला.

दुसरं उदाहरण २०२२ च्या ग्रान टुरिस्मो ७ चं. तिथं प्रत्येक गाडीला गेम स्वतः गुण देतो, पीपी म्हणतात. शर्यतीला पीपीची मर्यादा असते. लोकांनी शोधलं की सेटिंग मुद्दाम विचित्र केली, तर गेमचं गणित फसतं आणि भयंकर ताकदीच्या गाडीलाही कमी गुण मिळतात. मग ती गाडी लहान गाड्यांच्या शर्यतीत घालायची. अशा फटी अपडेटने बुजवाव्या लागल्या. हे ट्यूनिंग रस्त्यासाठी नव्हतंच, ते परीक्षकासाठी होतं. आपल्या जिल्ह्यात हे वाक्य कुणाला समजावून सांगायची गरज नाही. (हशा)

दुसरा गेम फोर्झा. २००५ पासूनची मालिका, आणि इथं बघतोय तो फोर्झा होरायझन ५, २०२१ चा, मेक्सिकोतल्या रस्त्यांवरचा. याचं ट्यूनिंगचं पान सुबक आहे. प्रत्येक आकड्याशेजारी दोन ओळींत तो काय करतो ते लिहिलेलं असतं. टायरचं तापमान, शॉकअपची हालचाल चालू गाडीत बघता येते. शिकवायची इच्छा असलेला गेम आहे. आणि याच गेमने शिकण्याला सगळ्यात मोठी पळवाट काढून दिली, ती म्हणजे कोड.

सेटिंग वाटून घेण्याला माझी हरकत नाही. माझी हरकत कुलपाला आहे. तिथं दुसऱ्याची सेटिंग तुम्ही उतरवून घेतली की ती गाडीला लागते, पण तिचे आकडे तुम्हाला दिसत नाहीत आणि बदलताही येत नाहीत. बनवणाऱ्याची मेहनत चोरीला जाऊ नये हा हेतू असेल. परिणाम मात्र असा की ज्ञान बंद डब्यात फिरतं. लाखो लोक ते वापरतात आणि त्यातला एकही जण त्यामुळे शहाणा होत नाही. भाचा म्हणाला ना, "ते दिसत नाही मामा." ती त्याची चूक नाही. गेमने तसं ठरवलं आहे.

तिसरा असेटो कोर्सा. इटलीतल्या कुनोस सिम्युलाझिओनी या छोट्या कंपनीचा, २०१४ मध्ये पूर्ण झालेला. या मंडळींचं कामाचं ठिकाण रोमजवळच्या वालेलुंगा सर्किटपाशी. हा गेम फारसं बोलत नाही. कौतुक करत नाही, फटाके उडवत नाही. पण यातली सेटिंग साधी मजकुराची फाइल असते. मित्राने दिली तर उघडून ओळ न् ओळ वाचता येते, आपल्या फाइलशेजारी ठेवून फरक बघता येतो. ही उघडी वही आहे. दोष असा की उघडी वही कशी वाचायची हे गेम स्वतः जवळजवळ सांगतच नाही. चांगलं स्टिअरिंग आणि बऱ्यापैकी कॉम्प्युटर लागतो, तो खर्च वेगळाच. म्हणजे शिकवणारा गेम कुलूप लावतो आणि उघडा गेम शिकवत नाही. समीक्षक म्हणून माझी मुख्य तक्रार हीच आहे.

आपलं सर्किट आणि मुंबईचा पैसा

यात आपण कुठं आहोत? तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जवळ.

२०१० मध्ये रिलायन्स बिग एंटरटेनमेंट या मुंबईच्या कंपनीने ब्रिटनच्या कोडमास्टर्समध्ये पन्नास टक्के भागीदारी घेतली. कोडमास्टर्स म्हणजे फॉर्म्युला वनचे अधिकृत गेम करणारी कंपनी. पुढं २०२१ मध्ये ती इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने घेतली. पुण्यातही ब्रिटनच्या सुमो डिजिटलचा स्टुडिओ २००७ पासून आहे. म्हणजे या धंद्यात मराठी मुलुखातला पैसाही आहे आणि हातही आहेत.

आता गंमत ऐका. कोडमास्टर्सचा एफ-वन २०११ हा गेम सप्टेंबर २०११ मध्ये आला. त्यात ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट होतं. खऱ्या सर्किटचं उद्घाटन झालं १८ ऑक्टोबरला आणि पहिली शर्यत ३० ऑक्टोबरला. म्हणजे खरा ड्रायव्हर त्या रस्त्यावर शर्यतीला उतरायच्या महिनाभर आधी घरात बसलेली पोरं तिथं फेऱ्या मारत होती, पंख किती ठेवायचा यावर वाद घालत होती. अजून कुणी न धावलेल्या रस्त्याची ती सेटिंग! मग ती बरोबर की चूक कशावरून ठरवायची? गेममधल्या रस्त्यापुरती ती बरोबर होती, एवढंच म्हणता येतं.

ते सर्किट ट्यूनिंगचा धडा म्हणून उत्तम आहे. लांबी ५.१२५ किलोमीटर, सोळा वळणं. तिसऱ्या वळणाकडं चढ, तिथून किलोमीटरभराचा सरळ रस्ता, आणि पुढं दहा-अकरा क्रमांकाचं लांबच लांब वळण, जिथं गाडी कितीतरी वेळ एकाच बाजूला झुकून राहते. सरळ रस्ता म्हणतो पंख कमी करा, लांब वळण म्हणतो वाढवा. दोघांचंही खरं आहे. निर्णय तुम्ही घ्यायचा, आणि कुठं थोडं हरायचं हे ठरवायचं. तिथला शर्यतीतला सगळ्यात वेगवान लॅप सेबास्टियन फेटेलचा, २०११ चा, १ मिनिट २७.२४९ सेकंद. सरासरी काढली तर ताशी २११ किलोमीटर पडते. सरळ रस्त्यावर गाड्या तीनशेच्या पुढं जातात आणि सरासरी २११. मधला वेग वळणांनी खाल्ला. मघाचा हिशोब आठवा.

लातूर पॅटर्न आणि नऊ आकडी कोड

आता थोडं जपून बोलतो, कारण समोर शिक्षकही आहेत आणि पालकही.

लातूर पॅटर्नला "घोकंपट्टी" म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. या पॅटर्नचं बळ कशात होतं? भरपूर सराव परीक्षा, आणि परीक्षेनंतर चूक कुठं झाली याची चर्चा. पेपर दिला, पेपर तपासला, चूक शोधली, तोच भाग पुन्हा केला. मंडळी, ट्यूनिंगची पद्धत नेमकी हीच आहे. फेरी मारा, नोंद करा, कुठल्या वळणात वेळ गेला ते शोधा, एकच गोष्ट बदला, पुन्हा फेरी मारा. गाडीच्या नोंदींना तिकडं टेलिमेट्री म्हणतात. आपण तिला उत्तरपत्रिका म्हणू.

बिघडतं तेव्हा, जेव्हा चर्चा गळून पडते आणि नुसती उत्तरसूची हातात राहते. कोड म्हणजे उत्तरसूची. तीही कुलूपबंद. तिने गुण मिळतात. पुढच्या वर्षी पेपर बदलला, म्हणजे गेमचा अपडेट आला, की तुमच्या हातात काही उरत नाही. अपडेटनंतर "कोड चालत नाही, नवा द्या" म्हणून पोरं फिरतात. ज्याने स्वतः चार आकडे फिरवून बघितलेत तो फिरत नाही. तो पुन्हा फेरी मारायला बसतो.

तरीही कोडच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझं बोलणं एकांगी होईल. सगळ्यांना वेळ नसतो. दिवसभर काम करून रात्री तासभर खेळणाऱ्याने स्प्रिंगचं गणित का करावं? त्याला मजा हवी, कोडने मिळते, त्यात वावगं काही नाही. शिवाय चांगली गाडी कशी लागते हे हाताला कळायलाही एकदा दुसऱ्याची चांगली सेटिंग चालवून बघावी लागते. तबला शिकणाराही आधी उस्तादाचा ऐकतो. माझा मुद्दा एवढाच की ऐकण्यावर थांबलात तर "मी वाजवतो" म्हणू नका.

आम्ही दोघांनी काय केलं

भाच्याला मी म्हणलं, कोड काढ. तो नाराज झाला. म्हणाला, "मामा, टाइम वाढेल." म्हणलं, वाढू दे.

पहिल्यांदा कंपनीच्या मूळ सेटिंगवर दहा फेऱ्या मारायला लावल्या आणि वहीत लिहिल्या. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट फेरीत जवळजवळ एक सेकंदाचा फरक निघाला. गाडी तीच, सेटिंग तीच. मग एका बदलाने सेकंदाचे दोन दशांश कमी झाले तर ते बदलामुळे की हात चांगला बसल्यामुळे, हे कळणार कसं? कळणार नाही. म्हणून आधी हात स्थिर करा. फेऱ्यांमधला फरक दोन-तीन दशांशांवर आणा. ट्यूनिंगची ही पहिली पायरी असून तिच्यात एकही आकडा फिरवायचा नसतो. एक पूर्ण संध्याकाळ यात गेली.

दुसऱ्या संध्याकाळी चार बदल केले, एका वेळी एकच. पहिला, टायरची हवा. टायर तापला की हवा वाढते. दर दहा अंशांना साधारण एक-दीड पीएसआय. उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघणारा प्रत्येक ड्रायव्हर हे जाणतो. म्हणून थंड टायरची हवा बघायची नाही, दोन फेऱ्यांनंतरची बघायची. ती जास्त होत होती, कमी केली. दुसरा, पुढचा बार मऊ केला, कारण संथ वळणात गाडी पुढं घसरत होती. आता मागचं अंग निघताना फेकायला लागलं. तिसरा बदल म्हणून डिफरन्शियलचं, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना किती बांधून ठेवायचं त्याचं, प्रमाण कमी केलं. मग शेवटचा गिअर रेषेपर्यंत पुरेल इतका आखूड केला. प्रत्येक बदलानंतर पाच फेऱ्या. एक बदल उलटा पडला होता, तो मागं घेऊन वेगळा करून बघितला. तोही वहीत आहे.

शेवटी मूळ टाइमपासून नऊ दशांश कमी झाले होते. कोडने दीड सेकंद दिला होता. उरलेले सहा दशांश अजून त्या कुलपाच्या आत आहेत. भाचा परत लातूरला जाताना म्हणाला, "मामा, कोडवालाच फास्ट आहे." मी म्हणलं, आहेच. पण हे नऊ दशांश कुणाचे? तो हसला. वही मात्र सोबत घेऊन गेला.

माझं उत्तर एवढंच आहे. दीड सेकंद कोडचा होता, नऊ दशांश त्याचे आहेत. गेमची समीक्षा करायची तर मी त्याला हाच प्रश्न लावीन. तू खेळणाऱ्याला त्याचे स्वतःचे दशांश शोधू देतोस का? ग्रान टुरिस्मोने शब्द दिले पण कधी कधी खोटे शिकवले. फोर्झा समजावतो पण कुलूप लावतो. असेटो कोर्सा खरं बोलतो पण सोप्या भाषेत बोलत नाही. ज्या दिवशी एखादा गेम समजावेल आणि वहीही उघडी ठेवेल, त्या दिवशी मी त्याच्यावर दुसरं व्याख्यान द्यायला येईन.

(टाळ्या)

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, गेम खेळून लेकरं वाया जातात असं आम्हाला वाटतं. तुम्ही उलट प्रोत्साहन देताय.

उत्तर : ताई, तुमची काळजी खोटी नाही. चार तास कोड टाकून खेळणारं लेकरू मलाही आवडत नाही. माझं म्हणणं असं की तुम्ही "किती वेळ खेळलास" याबरोबर "काय बदललंस आणि का" हेही विचारा. उत्तर देता आलं तर तो वेळ सगळाच वाया गेला नाही. आणि परीक्षा तोंडावर असेल तर गेम बंद. त्यात समीक्षा नको.

प्रश्न : हे खऱ्या गाडीला लागू होतं का? माझ्याकडं जुनी स्विफ्ट आहे.

उत्तर : तत्त्व लागू होतं, आकडे नाही. रस्त्यावरच्या गाडीचं अलाइनमेंट आणि हवा कंपनीने सांगितली तशीच ठेवा. तिथं फेरीचा टाइम काढायचा नसतो. टायर सारखा झिजला पाहिजे आणि पावसात ब्रेक लागला पाहिजे. आणि गेममधला हात नांदेड रोडवर दाखवू नका. तिथं चूक झाली तर पुन्हा सुरू करायचं बटण नाही.

प्रश्न : यातून कुणी खरा रेसर झालंय का?

उत्तर : झालेत, पण मोजके. निसान आणि प्लेस्टेशनने २००८ पासून जीटी अकॅडमी चालवली. तिचा पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ. २०११ मध्ये ब्रिटनचा यान मार्डनबरो जिंकला, त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही आला. दोघेही पुढं खऱ्या शर्यतींत धावले. लाखोंमधून एक-दोन. त्यामुळे रेसर व्हायचं म्हणून खेळू नका. पण गाड्यांचं इंजिनिअरिंग करायचं असेल तर वही लिहायची सवय आतापासून लावा. ती सवय फुकट आहे.

प्रश्न : सर, तुमच्या नऊ दशांशांची सेटिंग तरी सांगा.

उत्तर : (हसत) ती वही लातूरला आहे. भाच्याला विचारा, तो सांगेल. तो कुलूप लावत नाही. पण आधी तुमच्या दहा फेऱ्या लिहून आणा, असं मी त्याला सांगून ठेवलंय.